गोचीड तपासणी, नमुना क्रमांक एक

जपूनराव त्या दिवशी "बरं, जाऊ" म्हणाले, तिथेच सगळ्याला सुरुवात झाली.

एरवी ते असे एकदम हो म्हणणाऱ्यांतले नव्हते. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षांपासून सेफ्टी ऑफिसर होते, आणि त्यांचं बोलणं "पण समजा" इथून सुरू होऊन "जपून" या शब्दावर संपत असे. कुणी बढतीची बातमी सांगितली, तरी ते हात मिळवून म्हणत, "अभिनंदन. जपून." म्हणून कामगारांनी त्यांचं नाव जपूनराव ठेवलं. ते नाव गेटवरच्या वॉचमनपासून खुद्द त्यांच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं, आणि खरं नाव पगाराच्या स्लिपपुरतं उरलं.

त्यांच्या पत्नीचं शिवणकामाचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. गळ्यात सदानकदा टेप, म्हणून अख्खी गल्ली त्यांना टेपकाकू म्हणे. कुणाचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे आणि कुणाची कंबर गेल्या वर्षापेक्षा वाढली आहे, हे काकूंना वहीत न बघता सांगता येई. (वाढलेल्या कंबरेबद्दल त्या बोलत नसत. शिलाईत आतल्या आत कापड सोडून ठेवत. दुकान चालतं ते असं.)

काकूंची आयुष्यात एकच हौस होती. एक रात्र उघड्यावर, आभाळाखाली झोपायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती नवऱ्याला सांगितली. नवरा म्हणाला, "पण समजा साप आला?" पुढच्या वर्षी वीज पडण्याची शक्यता निघाली. एकदा तर सामान गाडीत चढलं होतं, तेव्हा जपूनरावांच्या लक्षात आलं की गाडीतल्या अग्निशामक नळकांड्याची मुदत रविवारी संपतेय आणि परतायचं सोमवारी आहे. सामान उतरलं. अकरा वर्षांपूर्वी काकूंनी सहलीसाठी म्हणून जाड कापडाची, सहा खिशांची एक सुरेख पिशवी शिवली होती. ती स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली असे आणि तिच्यात बटाटे असत.

बायको मागत होती तोवर जपूनराव निर्धास्त होते. मागच्या तीन वर्षांत मात्र तिने विषयच काढला नव्हता, आणि त्याची त्यांना आतून भीती वाटायला लागली होती. कारखान्यातही जे मशीन कुरकुरतं त्याची त्यांना काळजी नसे. एकाएकी गप्प झालेल्या मशीनजवळ ते दोनदा जाऊन येत.

अशात लेकीचा फोन आला. तिने आणि जावयाने तळ्याकाठच्या कॅम्पमध्ये दोन तंबू घेतले होते, शनिवार-रविवार. फोन स्पीकरवर होता.

"आई, तुम्ही दोघं येणार का?"

"तुझ्या बाबांना विचार," काकू म्हणाल्या. शिलाईवरची नजरसुद्धा त्यांनी वर केली नाही. उत्तर आधीच माहीत असल्यावर माणूस जसं विचारतो, तसा तो आवाज होता.

तो आवाज जपूनरावांना लागला. आणि ते म्हणाले, "बरं, जाऊ."

शिलाई मशीन थांबलं. काकू उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी पिशवीतले बटाटे टोपलीत ओतले. तो आवाज जपूनरावांना बाहेरपर्यंत ऐकू आला, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं.

दोन दिवस ते खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी माहिती वाचायला घेतली. सापांवर त्यांचा जुनाच अभ्यास होता, विजेवरही होता. पण या खेपेला त्यांना नवीन शत्रू सापडला. गोचीड. गवताच्या टोकावर पाय पसरून बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला अलगद चिकटते, कपड्यांतून वाट काढत अंगावर चढते, मऊ जागा बघून तोंड रुतवते आणि चावल्याचं कळूसुद्धा देत नाही. त्यातून ताप येऊ शकतो. जपूनरावांनी ते पान दोनदा वाचलं. पण बटाटे ओतलेले होते. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

"नाही म्हणायचं नाही," त्यांनी स्वतःला बजावलं, "व्यवस्था करायची."

वास्तविक या विषयातला तज्ज्ञ घरातच होता. जावई गुरांचा डॉक्टर. त्याने आजवर काढलेल्या गोचिडींची मोजदाद त्यालाही सांगता आली नसती. पण तो स्वभावाने इतका सावकाश, की त्याचं वाक्य सुरू होईपर्यंत सासऱ्यांचं संपलेलं असे. (गाईम्हशींना घाई नसते. तिथे त्याचं छान जमे.)

"जावईबापू, गोचिडींबद्दल तुम्हाला काही कल्पना आहे?" जपूनरावांनी फोनवर विचारलं.

"हो, म्हणजे बाबा, माझं तर रोजचं..."

"नसेल तर हरकत नाही. मी सगळं काढलंय. फिकट कपडे घालायचे, म्हणजे वर चढताना दिसते. पँट मोज्यात खोचायची. गवतातून नाही, पायवाटेच्या मधोमध चालायचं. दर दोन तासांनी अंग तपासायचं. आणि चिकटलीच, तर तेल, काडी, असले गावठी उपाय अजिबात नाहीत. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरायची, सरळ वर ओढायची, जागा साबणाने धुवायची. कळलं?"

"अगदी बरोबर आहे, बाबा. फक्त एक..."

"जपून या," असं म्हणून जपूनरावांनी फोन ठेवला.

तर हे सगळं बरोबरच होतं, हे आपण मान्य करू. चूक माहितीत नव्हती. चूक पुढे झाली, ती तिच्या अंमलबजावणीत.

फिकट कपडे म्हटल्यावर जपूनरावांना साधा पिवळट शर्ट चालेना. पांढरे, आणि तेही चौघांना सारखे. काकूंकडे एका हॉस्पिटलच्या चादरींच्या ऑर्डरमधलं कापड उरलं होतं. त्यातून त्यांनी चार पायजमे आणि चार लांब बाह्यांचे सदरे शिवले. कुरकुर केली नाही. उलट गुणगुणत शिवले. सहलीला जायचंच आहे या आनंदात बाई काय वाट्टेल ते शिवते. मोज्यांच्या कडेला लावायला जपूनरावांनी कारखान्यातून काळी-पिवळी धोक्याची चिकटपट्टी आणली. बारा छोट्या बाटल्या आणल्या, पकडलेली गोचीड ठेवायला. आणि स्वतः बसून एक फॉर्म तयार केला: 'गोचीड तपासणी, नमुना क्रमांक एक'. त्यात माणसाची पुढून आणि मागून अशी दोन चित्रं होती, काकूंच्या बेतण्याच्या कागदावरून गिरवलेली. तपासायच्या जागांना आकडे दिले होते, कानामागे एक, मान दोन, बगल तीन, असे गुडघ्यामागे नऊपर्यंत. शेवटी एक शेऱ्याचा रकाना.

शनिवारी दुपारी ही पांढरी मंडळी तळ्याकाठी उतरली. कॅम्पचा राखणदार लगबगीने पुढे आला.

"फवारणीवाले ना तुम्ही? ऑफिसातून काही फोन नव्हता आला."

"आम्ही राहायला आलोय," लेक म्हणाली. तिने त्या पायजम्यावर निळी ओढणी घेऊन बघितली होती, पण जपूनरावांनी ती गाडीत ठेवायला लावली.

"राहायला," राखणदार म्हणाला आणि त्याने चौघांच्या घोट्यांवरच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्या एकदा पाहून घेतल्या. "बरं. काही निघालं असेल तर सांगा हं, साहेब. पोरंबाळं असतात इथे."

जपूनरावांनी आपल्या दोन तंबूंभोवती तीच पट्टी काठ्यांना बांधून कुंपण केलं, शिट्टी फुंकली आणि पहिली तपासणी घेतली. बाकीची तिघं हात वर करून ओळीत उभी. शेजारच्या तंबूत एक कुटुंब होतं, आईवडील आणि तीन मुलं. त्यांनी हे सगळं पाहिलं. आधी त्या बाईने मुलांना आत बोलावलं. मग ते गृहस्थ राखणदाराशी काहीतरी बोलून आले. दुसऱ्या तपासणीची शिट्टी वाजली तेव्हा ते खुंट्या उपटत होते, आणि तासाभरात त्यांची गाडी निघून गेली.

"शांतता झाली," जपूनराव समाधानाने म्हणाले.

काकू हे सगळं हसून सोसत होत्या. पायवाटेच्या मधोमध चालल्या. हात वर करा म्हटलं की केले. तळ्यावर एक पांढरा पक्षी एका पायावर उभा होता, तो त्यांनी लेकीला दाखवला आणि म्हणाल्या, "त्याला बघ तुझे बाबा फॉर्म भरायला लावतील." दोघी खूप हसल्या. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं: पाणी, झाडी, वर मोकळं आभाळ. त्यापुढे शिट्टी काय मोठी.

तिसरी तपासणी दिवस मावळताना झाली. उजेड कमी झाला होता, म्हणून लेकीने टॉर्च धरला. काकूंनी केस वर घेतले आणि मान पुढे केली.

"हलू नकोस," जपूनराव एकदम दबक्या आवाजात म्हणाले. "सापडली."

"काय?"

"गोचीड. जागा क्रमांक दोन. चांगली टच्च फुगलीय. कुणी घाबरू नका. चिमटा."

जावयाने चिमटा दिला आणि वाकून पाहिलं. "बाबा, मला वाटतं तो..."

"जावईबापू, वेळ घालवायचा नसतो यात. कातडीलगत धरली. आता सरळ वर."

"आई गं," काकू म्हणाल्या.

"पक्की रुतलीय. अजून एकदा."

"अहो, दुखतंय."

"दुखणारच. कधीपासून बसलीय कोण जाणे. एकच..."

"बाबा," लेक म्हणाली. तिने टॉर्च खाली घेतला. "बाबा, तो आईचा तीळ आहे."

जपूनरावांचा हात जागच्या जागी राहिला.

"मी लहान असताना आईच्या कडेवर त्याच्यावर बोट ठेवून झोपायचे," लेक म्हणाली. "तो कायम तिथेच आहे."

जावई तळ्याकडे बघायला लागला. काकूंनी केस सोडले, मागे वळल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नव्हत्या.

"जुनी खूण माहीत नसेल," काकू हळूच म्हणाल्या, "तर नवी भेग कशी कळणार?"

हे वाक्य त्यांचं नव्हतं. ते जपूनरावांचं होतं. कारखान्यात नवीन भरती झालेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी हेच सांगत. मशीन तपासायला घेण्याआधी त्याच्यावरचे जुने ओरखडे, पोचे, डाग सगळे नोंदवून ठेवा. ती नोंद नसेल तर तुमची तपासणी बिनकामाची. कारखान्यातल्या एकशे चाळीस मशीनांवरचा ओरखडा न् ओरखडा त्यांना ठाऊक होता. सात नंबरच्या लेथच्या पायावरचा टवका कोणत्या साली उडाला तेही ते सांगत. हे सगळं काकूंनी जेवताना किमान दोनशे वेळा ऐकलं होतं.

काकू कुंपणाची पट्टी उचलून तिच्याखालून बाहेर गेल्या. पलीकडे गवतात एक आडवा पडलेला ओंडका होता, त्याच्यावर झाडाला टेकून बसल्या. गवत गुडघाभर होतं. जपूनरावांना ते दिसत होतं. "गवतात नको" हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि त्यांनी ते गिळले. (सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गिळलेली ही पहिलीच सूचना.)

थोड्या वेळाने ते साबण आणि पाण्याचा मग घेऊन तिथे गेले.

"जागा धुवायला हवी," ते म्हणाले.

"काही रुतलं नव्हतं तिथे. धुताय कशाला?"

"लाल झालीय."

"होईल बरी."

ते मग हातात धरून उभे राहिले. एकतीस वर्षं, त्यांच्या मनात आलं. रोज सकाळी ही आपल्यासमोर पाठमोरी बसून मशीन चालवते, आणि केस कायम वर बांधलेले. चहा तिच्या मागच्या टेबलाशी बसून आपण पितो. मग आपण इतकी वर्षं बघत काय होतो? बराच विचार केल्यावर त्यांना आठवलं. मशीनच्या वायरला इन्सुलेशन आहे की नाही, ते.

"चला," काकू उठल्या. "तुमची राहिलीय."

"काय राहिलीय?"

"तपासणी. कुणी सुटायचं नाही असा नियम आहे ना? चला."

तंबूत टॉर्चची बॅटरी उतरत आली होती. काकू म्हणाल्या, नको उजेड. जपूनराव सदरा काढून बसले. काकूंनी त्यांच्या मानेपासून बोटं फिरवायला सुरुवात केली, कापडातला दोष चाचपावा तशी.

"ही कांजिण्यांची. हा चामखीळ. ही सायकलवरून पडलात ती. आणि ही स्टुलावरून पडलात ती."

"कोणत्या स्टुलावरून?"

"पंखा पुसताना. लेक दुसरीत होती. सेफ्टी ऑफिसर घरात स्टुलावरून पडला हे कारखान्यात कळू दिलं नाही मी. फोनवर ताप आलाय म्हणून सांगितलं." बोटं कंबरेपर्यंत पोचली. "नवीन काही नाही. घाला सदरा. लिहा फॉर्मवर, निरंक."

जपूनरावांनी सदरा घातला. मग अंधारातच चाचपडत फॉर्मवर 'निरंक' लिहिलं.

रात्रीची तपासणी झाली नाही. शिट्टी फुंकायचं तोंड जपूनरावांना उरलंच नव्हतं. उलट त्यांनी आपण होऊन तंबूतल्या दोन्ही गाद्या बाहेर काढल्या, राखणदाराकडून लाकडी बाजा मागून आणल्या आणि त्यांच्यावर अंथरल्या. काकूंनी विचारलं, "आणि समजा साप आला?" ते म्हणाले, "येऊ दे." काकू उताण्या पडून बराच वेळ आभाळाकडे बघत राहिल्या. त्यांना केव्हा झोप लागली ते जपूनरावांना नक्की सांगता येईल, कारण ते स्वतः सकाळपर्यंत जागे होते. (सापाला नुसतं येऊ दे म्हणून भागत नाही, कुणीतरी बघायला हवं.)

आणि त्या जागरणात त्यांनी ठरवलं. झालेली चूक नोंदीची आहे, ती नोंदीनेच निस्तरायची.

सकाळी काकू तंबूसमोर स्टुलावर बसून केस विंचरत होत्या. अंगात पांढऱ्या सदऱ्याऐवजी त्यांनी मोठ्या गळ्याचा आपला नेहमीचा घरचा झगा घातला होता. जपूनराव नवा कोरा फॉर्म आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन आले.

"एक विनंती आहे," ते म्हणाले. "मला जुन्या खुणांची नोंद करायचीय."

"कशाच्या?"

"तुझ्या. मानेवरच्या, पाठीवरच्या. आधीच करायला हवी होती. एकतीस वर्षं उशीर झालाय, ते मान्य आहे."

काकूंनी कंगवा थांबवला. हसू आवरत म्हणाल्या, "टेप देऊ का?"

"दे."

आणि जपूनरावांनी खरोखर टेप घेतला. मानेच्या मणक्यापासून उजवीकडे किती, खाली किती, असं मोजत एकेक तीळ चित्रावर उतरवला. पहिला तो कालचा, त्याच्याजवळ लाल खूण होती. तिथे त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'दिलगीर आहे'. दुसरा खांद्यावर, मोहरीएवढा. तिसरा-चौथा जोडीने. प्रत्येकाला त्यांनी आकडा दिला, रंग लिहिला. सकाळचं कोवळं ऊन होतं, काकू मान खाली घालून बसल्या होत्या आणि एकतीस वर्षांत नवरा त्यांच्याकडे इतका वेळ, इतकं निरखून कधीच बघत बसला नव्हता.

"पाचवा झाला, सहावा झाला," जपूनराव पुटपुटत होते. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि हा सातवा."

"कुठेय?"

"झग्याच्या गळ्यापाशी, जरा डावीकडे. अगं, हा तर माझ्या ओळखीचा आहे."

"खरंच?"

आता खरं म्हणजे त्यांना नक्की असं काही आठवत नव्हतं. पण कालपासून मनाला जी टोचणी लागली होती, तिने त्यांच्याकडून आठवण तयार करून घेतली. आणि एकदा तयार झाल्यावर ती त्यांना खरीच वाटायला लागली.

"लग्नाच्या दिवसापासून आठवतो मला हा," ते म्हणाले. "तू पुढे चालत होतीस, मी मागे होतो. तेव्हा पाहिला होता. बाकीचे विसरलो असेन. हा नाही विसरलो." आणि त्यांनी त्या सातव्या तिळावरून बोट अलगद फिरवलं.

काकूंचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यांनी केसांचा विंचरलेलाच भाग परत विंचरला.

चहाच्या वेळी फॉर्म सगळ्यांच्या हातून फिरला. लेकीने वाचून दाखवला. "क्रमांक सात. तपकिरी, किंचित फुगीर, चकचकीत. सर्वांत देखणा. शेरा: जुना. लग्नाच्या दिवसापासून परिचित. हात लावू नये." ती वडिलांकडे कौतुकाने बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही तर कमाल केलीत."

जपूनरावांनी नम्रपणे ब्रेडला लोणी लावलं.

"बघू," काकूंनी फॉर्म घेतला. पहिल्यांदा त्यांनी तो हसत वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. मग बोट ठेवून मोजलं, बाया मापं मोजतात तसं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला सहाच आहेत."

"सात आहेत. मी टेपने मोजलेत."

"दुकानातल्या ट्रायल रूमला तीन बाजूंनी आरसे आहेत. रोज केस बांधते मी तिथे. मानेवर-पाठीवर मिळून सहा."

"तुला मागचं दिसत नाही नीट. सातवा आहे. एकतीस वर्षं बघतोय मी त्याला."

जावई उठला. कप खाली ठेवून, सावकाश, काकूंच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याने झग्याचा गळा बोटाने जरासा बाजूला केला आणि वाकून पाहिलं. या वेळी त्याला कुणी मध्ये तोडलं नाही, म्हणून त्याचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर पूर्ण झालं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही एकतीस वर्षं बघताय खरे, पण हा पाय हलवतोय."

पुढचं काम अर्ध्या मिनिटाचं होतं. जावयाने चिमट्याने कातडीलगत धरलं, सरळ वर ओढलं, साबणाने जागा धुतली. काकूंना कळलंसुद्धा नाही.

"काल संध्याकाळी कुठे गवतात टेकून वगैरे बसला होतात का, आई?" त्याने विचारलं.

चौघांनीही त्या ओंडक्याकडे पाहिलं. मग तिघांनी जपूनरावांकडे पाहिलं.

"काही दिवस लक्ष ठेवा," जावई म्हणाला. "ताप आला किंवा अंगावर चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जायचं. बहुतेक काही होणार नाही. रात्रीतच चिकटलेली दिसतेय. म्हणजे ओळख तशी ताजीच आहे." तो गंभीरपणे बोलत होता, आणि गंभीरपणेच त्याने एक बाटली पुढे केली. "बारा आणल्यात ना, बाबा? एक तरी वापरू."

आणि मग काकू हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. स्टुलावरून पडतील म्हणून लेकीने त्यांना धरलं, तर तीही हसत खाली बसली. "सर्वांत देखणा," काकू मध्येच म्हणत आणि परत सुरू होत. राखणदार लांबून बघत होता. काहीतरी निघालं, एवढं त्याला कळलं.

जपूनराव ब्रेड हातात घेऊन बसून होते. पण बायको हसतेय हे पाहून त्यांनाही हळूहळू हसू फुटलं. ती इतकी हसलेली त्यांना आठवत नव्हती. (आणि आठवतंय असं म्हणायची आता त्यांची हिंमत नव्हती.)

काकूंना ताप आला नाही, चट्टा उठला नाही. परत आल्यावर सहा खिशांच्या पिशवीत पुन्हा बटाटे गेले नाहीत. ती दाराशी, बुटांच्या वर, तयार टांगलेली असते. जपूनराव कारखान्यात नवीन पोरांना अजूनही जुन्या खुणांचं महत्त्व सांगतात, फक्त आता थोडक्यात सांगतात.

आणि दुकानात शिलाई मशीनच्या शेजारी, बटणांच्या डब्यांच्या रांगेत, एक छोटी बाटली आहे. तिच्यावर जपूनरावांच्या फॉर्मवरून काकूंनी कात्रीने कापून घेतलेली क्रमांक सातची चिठ्ठी चिकटवलेली आहे. गिऱ्हाईक विचारतं, "काकू, यात काय ठेवलंय?"

काकू मशीनचा पाय न थांबवता सांगतात, "काही नाही. आमच्या ह्यांचे जुने परिचित."